सामुदायिक शेतातला हंगामी वाटा : एका सभासदाचा अभिप्राय

सामुदायिक शेतातल्या वाट्याबद्दल लोक मला आधी भाजीचंच विचारतात. ताजी असते का, किती मिळते, घरपोच येते का? ताजी असते, हंगाम साथ देईल तेवढी मिळते, घरपोच येत नाही. पण ही सेवा चांगली की वाईट हे भाजीवरून ठरवायला गेलं तर महत्त्वाचं सगळं बाजूला राहतं. मी बरेच हंगाम सभासद आहे. शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे, आणि शेताच्या मातीच्या तपासण्या माझ्याकडे असतात. शेताचं नाव मुद्दाम देत नाही. मला जे सांगायचं आहे ते वाचणाऱ्याला आपल्या जवळच्या कुठल्याही शेताला लावून पाहता आलं पाहिजे.

आधी व्यवस्था सांगते. पेरणीच्या आधी सभासद हंगामाचे पैसे भरतात, किंवा हप्ते ठरवून घेतात. त्यातून बियाणं, पाणी, अवजारं आणि शेती पाहणाऱ्या चौघांचा पगार निघतो. जे पिकेल त्याचा वाटा आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी शेडमधून न्यायचा. महिन्यातले काही तास शेतावर काम करायचं, आणि हंगामाच्या दोन्ही टोकांना सभेला बसायचं. वजनाची हमी नाही. न आवडलेली भाजी परत करण्याची सोयही नाही, फक्त अदलाबदलीची एक टोपली आहे. ही कल्पना जपानमध्ये १९७०च्या दशकात 'तेइकेई' या नावाने रुजली. कीटकनाशकांनी आणि भेसळीने धास्तावलेल्या शहरी कुटुंबांनी थेट शेतकऱ्यांशी संधान बांधलं होतं. तिथल्या सेंद्रिय शेती संघटनेने १९७८ मध्ये या पद्धतीची दहा तत्त्वं मांडली. ठरल्याप्रमाणे जे पिकलं ते घेणाऱ्याने घ्यायचं, हे त्यातलं एक. नवीन सभासदाला सगळ्यात जड जातं ते हेच.

भाजीबद्दल थोडक्यात. तोडणी पहाटे होते, पालेभाजी लगेच गार पाण्यात बुडवून सावलीत ठेवतात, त्यामुळे घरी नेल्यावर ती बाजारातल्या जुडीपेक्षा कितीतरी जास्त टिकते. शेडमध्ये फळ्यावर लिहिलेलं असतं : घेवडा इतका, मुळे इतके, भोपळा अर्धा. आपला वाटा आपण वजन करून घ्यायचा. पाहायला कुणी उभं नसतं. मला ही पद्धत फार आवडते. तक्रार एकच, पण ती खरी आहे : हंगामाच्या मधल्या टप्प्यात पालेभाजी इतकी येते की लहान घरात ती संपत नाही आणि नंतर पंधरवडाभर पान दिसत नाही. पेरणी टप्प्याटप्प्याने केली तर हे टळतं. शेतावरच्या लोकांना हे ठाऊक आहे, पण वाफा तयार झाला की एकदम पेरून मोकळं व्हायची घाई होते.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तिकडे येते. शेताच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात 'स्थानिक अन्नसुरक्षा' असं छापलेलं आहे. हा शब्द हलका नाही. १९९६ साली रोममध्ये जागतिक अन्न परिषद झाली. सर्व माणसांना, सर्व काळ, पुरेसं, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळवता येणं, हातात येणं आणि परवडणं, असा अन्नसुरक्षेचा अर्थ तिथे मांडला गेला. त्यातला 'सर्व माणसांना' आणि 'सर्व काळ' हा भाग मी कागदावर लिहून सभेला नेला होता. आपली टोपली या दोन शब्दांपुढे कुठे उभी राहते, हे मला पाहायचं होतं.

पहिली उणीव आकड्यांतच दिसते. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २,००० ते २,५०० किलोकॅलरी लागतात. १०० ग्रॅम हिरव्या पालेभाजीतून २०-३० मिळतात. बटाट्यातून सुमारे ७५-८०. वाळवलेल्या घेवड्याच्या दाण्यांतून ३३०च्या पुढे, आणि वर प्रथिनं. म्हणजे पालेभाजीने भरलेली, दिसायला सुरेख टोपली जीवनसत्त्वं देते, खनिजं देते, पण पोट भरत नाही. एखाद्या वर्षी पुरवठा तुटला, रस्ते बंद झाले, तर तिच्यावर घर चालणार नाही. बरीच सामुदायिक शेतं इथेच थांबतात, कारण सॅलडची पानं भराभर वाढतात, फोटोत छान दिसतात आणि सभासद खूश राहतात.

आमच्या शेताने हे मान्य केलं, आणि त्याबद्दल मी त्यांना मनापासून गुण देते. आता जवळजवळ एक तृतीयांश क्षेत्रावर मका, सुकवून ठेवायचा घेवडा, रताळी आणि टिकाऊ सालीचे भोपळे असतात. यात मेहनत वेगळी आहे. शेंगा झाडावरच वाळू द्यायच्या, पाऊस येतोय असं दिसलं तर मुळासकट उपटून शेडमध्ये उलट्या टांगायच्या, मग बडवून, उफणून, निवडून ठेवायच्या. दाणा नीट वाळला की नाही हे पाहायला तो दगडावर ठेवून हातोडीने ठोकतात : फुटून तुकडे झाले तर ठेवण्याजोगा, चपटा झाला तर अजून ओल आहे. भुंगेऱ्याची अंडी मरावीत म्हणून ठेवणीचे दाणे आधी काही दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवतात, नंतर घट्ट झाकणाच्या पिंपात. पिंपांवर वर्ष आणि वाण लिहिलेलं असतं. टोपलीपेक्षा मला या पिंपांचा भरवसा जास्त वाटतो.

धान्याच्या बाबतीत तेलंगणातल्या झहिराबाद भागातल्या बायकांचं काम सांगायला हवं. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या स्वयंसेवी संस्थेच्या संघमांमधल्या (गावोगावच्या महिला गटांमधल्या), बहुतेक दलित समाजातल्या या बायकांनी पडीक जमिनी पुन्हा वहितीखाली आणल्या, ज्वारी पिकवली आणि तिचा काही भाग गावातच साठवून गरीब घरांना कमी दरात दिला. कुणाला किती गरज आहे हे गावानेच बसून ठरवलं. जमीन, धान्य, कोठार आणि वाटप, सगळं एका हद्दीत आणि त्याच माणसांच्या हातात. अन्नसुरक्षा म्हणजे काय, हे मला कुठल्याही व्याख्येपेक्षा यातून जास्त कळलं. आमचं शेत अजून त्यापासून बरंच दूर आहे. वाट मात्र तीच आहे.

पण सगळ्यात जास्त बोलायला हवं ते जमिनीबद्दल. मी कुणालाही सांगते, वाटा घेण्याआधी टोपली पाहू नका, करार पाहायला मागा. जमीन कुणाच्या नावावर आहे? भाडेपट्टा किती वर्षांचा? तो मोडायचा अधिकार कुणाला, आणि किती मुदतीची नोटीस देऊन?

हे का विचारायचं, त्याची उदाहरणं आहेत. लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात १४ एकर जागेवर सुमारे ३५० कुटुंबं दहा वर्षांहून जास्त काळ अन्न पिकवत होती. जमीन त्यांची नव्हती. शहराने ती आधीच्या मालकाला परत विकली, आणि जून २००६ मध्ये पोलिसांनी लोकांना हटवलं, झाडांवरून बुलडोझर फिरले. त्या लोकांची शेती कमी पडली नव्हती. कष्ट, एकी, पीक, सगळं होतं. कागद नव्हता.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या 'न्यू कम्युनिटीज' या सामूहिक शेताची गोष्ट वेगळी आहे. नागरी हक्क चळवळीतल्या लोकांनी १९६९ मध्ये सुमारे ५,७०० एकर जमीन सामुदायिक विश्वस्त पद्धतीने, म्हणजे मालकी संस्थेकडे आणि वापर लोकांकडे अशा रीतीने, घेतली. अमेरिकेतल्या अशा भू-विश्वस्त संस्थांची सुरुवात तिथूनच मानतात. तिथे कागद होता, पण दुष्काळाच्या वर्षांत शेतीकर्ज देणाऱ्या सरकारी यंत्रणेने त्यांना वेळेवर मदत दिली नाही. काळ्या शेतकऱ्यांशी ती भेदभाव करत होती. १९८५ मध्ये जमीन गेली. म्हणजे जमीन नावावर असूनही वाईट वर्ष पार करायला हाताशी पैसा नसेल, तर नावाचा उपयोग होत नाही.

आणि एक उदाहरण जिथे निभावलं. मॅसॅच्युसेट्समधलं इंडियन लाइन फार्म हे १९८६ मध्ये वाट्याची पद्धत सुरू करणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या दोन शेतांपैकी एक. ते उभं करणाऱ्या रॉबिन व्हॅन एन १९९७ मध्ये वारल्या. जमीन विकली जाण्याची वेळ आली. १९९९ मध्ये तिथल्या सामुदायिक भू-विश्वस्त संस्थेने जमीन घेतली, निसर्ग संवर्धनाचं काम करणारी संस्था पाठीशी उभी राहिली, आणि शेती करणाऱ्यांना ९९ वर्षांचा भाडेपट्टा मिळाला. मालकी समाजाची, कसणं शेतकऱ्याचं, आणि जमीन पुन्हा बाजारात जाणार नाही अशी तजवीज. माणूस गेल्यावरही शेत राहिलं.

आमच्या शेताचा पहिला करार दर वर्षी नव्याने व्हायचा. वर्षभराच्या करारावर माणूस वर्षभरापुरतंच पेरतो. फळझाड लावत नाही, वाऱ्याला आडोसा म्हणून झुडपांची रांग लावत नाही. कंपोस्टमधला नत्र (नायट्रोजन) पिकाला मिळायला अनेक हंगाम लागतात, म्हणून ते टाकतानाही हात आखडतो. केरळमध्ये १९९८ साली कुटुंबश्री ही राज्य सरकारची महिला गटांची योजना सुरू झाली. तिच्यातल्या बायकांचे गट प्रामुख्याने भाड्याच्या जमिनीवर एकत्र शेती करतात आणि फार चांगली करतात. पण भाड्याची मुदत छोटी असेल तर जमीन सुधारून मालकाच्या हवाली करण्याची टांगती तलवार कुठल्याही गटावर असतेच.

सध्याचा करार ३० वर्षांचा आहे, आणि जमीन एका विश्वस्त संस्थेकडे आहे. त्यातली दोन कलमं मला फार मोलाची वाटतात. एक : कराराच्या सुरुवातीला मोजलेल्या सेंद्रिय कर्बाच्या (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत आलेल्या कार्बनच्या) खाली माती जाता कामा नये. दर काही वर्षांनी त्याच जागांवरून, त्याच खोलीवरून नमुने घ्यायचे. दोन : करार मुदतीआधी मोडला तर लावलेल्या झाडांची आणि सुधारलेल्या मातीची भरपाई शेत कसणाऱ्यांना द्यायची. जमिनीची राखण करणं हे सभेत बोलायला सोपं असतं. ते मोजमापासह करारात लिहिलेलं मी इथेच पाहिलं.

एक मोठी त्रुटी मात्र आहे. उद्या रस्त्यासाठी किंवा वाहिनीसाठी जमिनीचा काही भाग गेला, तर भरपाईत शेताचा वाटा किती, याबद्दल करारात एक ओळ नाही. विश्वस्त संस्थाच बरखास्त झाली तर जमीन कुणाकडे जाईल, हेही नाही. मी हा मुद्दा सभेत मांडला आहे. तो अजून ठरावापर्यंत आलेला नाही, आणि मला हे बरोबर वाटत नाही. वाट्याचे पैसे भरणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न उचलून धरायला हवा.

मातीचं काम मी जवळून पाहते, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. अगदी सुरुवातीला प्रयोगशाळेच्या अहवालात जुन्या भिंतीलगतच्या पट्ट्यात शिसं जास्त निघालं. जुन्या रंगाचे पोपडे आणि शिसं मिसळलेल्या पेट्रोलचा धूर, दोन्ही मातीत तसेच पडून राहतात. वस्तीतल्या किंवा रस्त्याकडेच्या जमिनीवर शेत सुरू करणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी पेरणीआधी करायलाच हवी. कंदमुळांना आणि पालेभाज्यांना अशा मातीचा धोका जास्त, कारण माती आणि धूळ त्यांनाच चिकटते. टोमॅटोसारख्या फळात शिसं फारसं उतरत नाही. शेताने तो पट्टा लागवडीतून काढला. आता तिथे कुंपणाची झुडपं आणि अवजारांची खोली आहे. अहवाल शेडमध्ये सगळ्यांना दिसेल असा लावला, लपवला नाही. सभासद म्हणून माझा विश्वास त्या दिवसापासून बसला.

कर्ब, सामू (पीएच), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) यांच्या तपासण्या बाहेर होतात. पण काही गोष्टी तिथेच, मुलांना घेऊन करता येतात. दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा मातीत अर्धा ठोकायचा, त्यात इंचभर पाणी ओतायचं आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. गेटजवळ, जिथे गाड्या वळून माती दबली आहे, तिथे पाणी अर्ध्या तासानंतरही उभं होतं. आच्छादनाखालच्या वाफ्यात ते बघता बघता गेलं. दुसरा प्रयोग ढेकळांचा : वाळलेलं ढेकूळ जाळीवर ठेवून काचेच्या बरणीत पाण्यात सोडायचं. जिवंत मातीचं ढेकूळ बराच वेळ आकार धरून राहतं, कारण मुळांचे, बुरशीचे आणि जिवाणूंचे चिकट पदार्थ कणांना बांधून ठेवतात. सतत नांगरलेल्या, उघड्या मातीचं ढेकूळ क्षणात विरघळून तळाला चिखल होतो. शेतावरचं ढेकूळ आणि बाहेरच्या मोकळ्या जागेतलं ढेकूळ शेजारी ठेवलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "आजी, मग बाहेरची माती मेली का?" मी म्हटलं, उपाशी आहे. तिला खायला घातलं की येते परत.

खायला घालणं म्हणजे काय, तेही शेतावर नीट चालतं. माती कधी उघडी ठेवत नाहीत. मुख्य पीक निघालं की शेंगवर्गीय पीक पेरतात. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात, आणि फुलं येताना ते पीक कापून तिथेच पसरतात. कंपोस्टच्या ढिगात वाळलेला पाला आणि ओला कचरा असा मिसळतात की कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण साधारण २५ ते ३०ला १ पडावं. लांब दांड्याचा तापमापक ढिगात खोचलेला असतो, तो ५५ अंशांच्या वर काही दिवस राहिला की तणांचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. वही अडकवलेली असते, ज्याची पाळी असेल तो आकडा लिहितो. त्या वहीत कधी कधी आठवडाच्या आठवडा रिकामा जातो. ढीग न उलटता थंड पडतो, आणि मग वाफ्यात तण उगवतं तेव्हा त्याचं कारण वहीत सापडतं. इथे शिस्त वाढायला हवी.

शिस्तीवरून माणसांकडे येते. एकत्र शेती मोडते ती बहुतेक वेळा पिकामुळे नाही, पाळ्यांमुळे. कुणी तास भरले नाहीत, कुणी पाण्याची पाळी ओलांडली, कुणी वाट्यापेक्षा जास्त नेलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशा सामाईक साधनांच्या कारभारावरच्या कामासाठी. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांनी अभ्यासलेल्या उदाहरणांत स्वित्झर्लंडमधलं टॉर्बेल गाव आहे. सामाईक जमिनीबद्दलचा त्या गावाचा लेखी दस्त १४८३ सालचा आहे, आणि १५१७ सालचा नियम असा की हिवाळ्यात ज्याला जितक्या गायी पोसता येतात तितक्याच त्याने सामाईक कुरणावर सोडायच्या. मोजायला सोपा, सगळ्यांना दिसणारा नियम. शतकानुशतकं टिकला. ऑस्ट्रॉम यांचं म्हणणं असं की नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असावेत, देखरेख करणारे त्यांनाच उत्तर देणारे असावेत, आणि चूक करणाऱ्याला पहिल्या वेळी सौम्य, पुढे वाढत जाणारी शिक्षा असावी.

आमच्याकडे सुरुवातीचा नियम एकच होता : तास भरले नाहीत तर वाटा बंद. तो टिकला नाही, टिकायला नकोही होता. रात्रपाळी करणाऱ्यांनी, पाठदुखी असलेल्यांनी, तान्ही मुलं असलेल्यांनी खुरपणीचे तास कुठून आणायचे? एका सभेत कडेवर बाळ घेतलेली एक सभासद उठून म्हणाली, "ताई, मला खुरपायला जमत नाही. हिशेब येतो, बियाणं निवडता येतं. ते काम नाही का?" त्यानंतर नियम बदलला. हिशेब, वजन, बियाणं निवडणं, फळा लिहिणं, लहान मुलांना सांभाळणं, या सगळ्याचे तास धरले जातात. तास राहिले तर आधी बोलणं होतं, मग पुढच्या महिन्यात भरून द्यायचे, आणि तरीही नाही झालं तरच समितीपुढे विषय जातो. हे चांगलं झालं. पण सभेची वेळ अजूनही अशी आहे की हातावर पोट असणाऱ्यांना येता येत नाही, आणि जमाखर्च दर वेळी उशिरा लागतो. ज्यांनी आगाऊ पैसे भरले त्यांना हिशेब वेळेवर मिळाला पाहिजे. त्यावर दुसरं मत असू शकत नाही.

'सर्व माणसांना' हा शब्द इथे पुन्हा समोर येतो. हंगामाचे पैसे आधी भरणं प्रत्येकाला शक्य नाही, आणि ज्याला अन्नाची सगळ्यात जास्त काळजी आहे त्यालाच ते सगळ्यात कमी शक्य असतं. यावर शेताने जर्मनीतल्या सामूहिक शेतांची एक रीत उचलली आहे. हंगामाचा पूर्ण खर्च सभेपुढे मांडतात. प्रत्येक सभासद आपण किती देऊ शकतो तो आकडा नाव न घालता चिठ्ठीवर लिहितो. बेरीज खर्चाएवढी झाली तर ठरलं. कमी पडली तर दुसरी फेरी. कुणी सरासरीपेक्षा जास्त देतं, कुणी कमी, आणि वाटा सगळ्यांचा सारखा. मी अनेक संस्थांच्या सभा पाहिल्या आहेत, पण इतकी सरळ, कुणालाही खाली मान घालायला न लावणारी पद्धत दुसरीकडे पाहिली नाही. सुरुवातीला सवलतीच्या वाट्यांसाठी वेगळी वेळ ठेवली होती. काही जणींनी त्याला विरोध केला, मीही त्यात होते. आता एकच टेबल, एकच फळा, एकच वजनकाटा.

वाईट वर्षाचा अनुभव सांगितल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होणार नाही. एका हंगामात गारपीट झाली. टोमॅटो, घेवडा, भोपळ्याचे वेल, सगळं झोडपून निघालं. शेतावरच्या भाऊंनी सगळ्यांना निरोप धाडला, पुढचे काही आठवडे देण्यासारखं थोडंच असेल. त्यांचा पगार चालू राहिला, कारण तो आधीच भरलेल्या पैशांतून होता. बाजारासाठी पिकवणारा शेतकरी असता तर ते सगळं नुकसान एका घरावर पडलं असतं. इथे ते शेकडो ताटांवर थोडं थोडं वाटलं गेलं. या सेवेचं खरं मोल मला तेव्हा दिसलं. काही सभासद मात्र पुढच्या हंगामात आले नाहीत. पैसे भरून रिकामी टोपली नेणं त्यांना पटलं नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. पण सामील होताना ही शक्यता त्यांना स्पष्ट सांगायला हवी होती, आणि शेताच्या माहितीपत्रकात ती आजही बारीक अक्षरात आहे.

त्या गारपिटीने आणखी एक गोष्ट दाखवली. सगळं एकाच जागी पिकत असेल तर संकटही सगळ्यावर एकदम येतं. स्थानिक म्हणजे एकच शेत, असं धरून चालत नाही. आता दुसऱ्या खोऱ्यातल्या दोन शेतांशी बोलणं झालं आहे : आपला घेवडा जास्त झाला तर तिकडे, त्यांचं धान्य जास्त झालं तर इकडे, आणि प्रत्येक वाणाचं थोडं बियाणं तिन्ही जागी. बियाण्याचा भाग सुरू झाला आहे, धान्याचा अजून कागदावर आहे.

वाटा कुणी घेऊ नये, तेही सांगते. ज्यांना प्रत्येक आठवड्याला ठरलेलीच भाजी ठरलेल्याच वजनात हवी, त्यांच्यासाठी ही सेवा नाही. घरी स्वयंपाकाला वेळ नसेल तर भाजी वाया जाईल, अशा घरांनी अर्धा वाटा शेजाऱ्याबरोबर घ्यावा, तशी सोय आहे. ज्यांना फक्त 'सेंद्रिय' असा शिक्का हवा त्यांनाही इथे समाधान मिळणार नाही. शेताकडे शिक्का नाही, उघडे अहवाल आहेत.

माझं मत असं : भाजीला पाचपैकी चार, मातीला पाच, जमिनीच्या कराराला चार (ती भरपाईची ओळ आली की पाच), कारभाराला तीन. अन्नसुरक्षा म्हणून विचाराल तर तीन, आणि पिंपं भरत जातील तसे हे गुण वाढवायला मला आनंद होईल. मी पुढच्या हंगामाची चिठ्ठी टाकणार आहे, आणि माझा आकडा या वेळी आधीपेक्षा वर असेल. तुमच्या जवळ असं शेत असेल तर पेरणीच्या आधी तिथे जा. करार, मातीचा अहवाल आणि गेल्या वर्षीचा जमाखर्च पाहायला मागा. तिन्ही कागद समोर ठेवणारं शेत असेल तर वाटा घ्या, आणि पहिल्याच सभेला जा.